आमच्याकडे नको, तुमच्याकडे येतो

नोव्हेंबरच्या मध्यावर मुलुंडच्या माणसाच्या मागे दोन कामं एकदम लागतात. आपल्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू कसे हलवायचे, हे एक. आणि नाताळच्या सुट्टीत मनालीकडे कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर आपण भाडेकरू म्हणून कसं शिरायचं, हे दुसरं. दोन्ही कामं एकाच सोफ्यावर बसून, एकाच मोबाइलवर आणि बहुधा एकाच कप चहात उरकतात.

मुलुंडचं नाव घेतलं म्हणून बोरिवलीकरांनी हसू नये. बोरिवलीत हेच काम दोन कप चहात होतं, कारण तिथे आधी 'नॅशनल पार्क असताना हिमालय कशाला' यावर घरात चर्चा होते आणि मग हिमालयाचंच बुकिंग होतं. घाटकोपरला प्रश्न फक्त स्वयंपाकघराचा असतो. अंधेरीकर बुकिंग आधी करतो आणि रजा मिळते का ते नंतर बघतो.

हॉटेलात उतरायचा जमाना संपला. आता 'अपार्टमेंट' लागतं. सहा मोठी माणसं, दोन मुलं, एक आजी. हॉटेलच्या चार खोल्या, वर सकाळच्या न्याहारीचं माणशी बिल, असा हिशेब कागदावर मांडला की कुणीही शहाणा माणूस फ्लॅटवरच येईल. हिशेबात खोट नाही. मीही तोच मांडतो. खरी गंमत त्यानंतरच्या फोनवर सुरू होते.

"भैयाजी, कुकर है क्या?"

"है जी."

"कितने लीटर का?"

इथवर मी आपल्या माणसाच्या बाजूने आहे. दोन हजार मीटर उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ दुपारपर्यंत शिजत नाही. तेव्हा अख्ख्या संभाषणात शास्त्राला धरून असलेला प्रश्न तो एवढाच. पुढचा प्रश्न येतो, "गीझर चोबीस घंटा चलेगा ना?" आणि हे विचारलं जातं मनालीजवळच्या वशिष्ठ गावातल्या घरमालकाला. या गावात देवळाशेजारी जमिनीतून गंधकाचं कढत पाणी दिवसरात्र, वीजबिलाशिवाय, वाहतंय. गावातल्या बायका त्याच पाण्यावर भांडी-कपडे उरकतात. पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं, आणि अंघोळीला पैसे नाहीत. त्या मालकाने फोनवर काय तोंड केलं असेल ते आपल्याला दिसत नाही, म्हणून बरं.

मग चौकशी रंगत जाते. लिफ्ट आहे का? गाडी दाराशी येते का? मिक्सर आहे का, त्याला चटणीचं भांडं आहे का? आधी राहून गेलेल्यांनी त्या कुकरमध्ये मटण-बिटण तर शिजवलेलं नाही ना? शेजारी शांत आहेत ना, आम्हाला शांततेची सवय आहे. आणि हो, एकतीस तारखेला गच्चीवर स्पीकर चालेल ना?

आता हाच माणूस आपल्या इमारतीत खाली उतरला की कोण असतो? सेक्रेटरी. नाही तर खजिनदार. नाही तर कमिटीत नसूनही रोज संध्याकाळी वॉचमनला सूचना देणारा ज्येष्ठ सभासद. त्याच्या सहीने नोटीस बोर्डावर काय लागलेलं असतं ते उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे: फ्लॅट कुटुंबालाच द्यावा. अविवाहितांना देऊ नये. पाहुण्यांच्या गाड्या आवारात लावू नयेत. गच्चीला कुलूप राहील. रात्री दहानंतर आवाज नको. आणि अलीकडची भर म्हणजे, 'काही सभासद आपले फ्लॅट रोजच्या भाड्याने अनोळखी व्यक्तींना देत असल्याचे निदर्शनास आले आहे, ही बाब गंभीर आहे.'

बाब गंभीर आहेच. ते मी नाकारत नाही. दर शुक्रवारी नवी माणसं, नव्या बॅगा. लिफ्टमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही. रात्री दोन वाजता चुकीच्या दाराची बेल वाजते. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जागेवर नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींना भीती वाटते ती खरी आहे. माझं म्हणणं एवढंच की वशिष्ठमध्येही चौथा मजला आहे आणि तिथेही आजी राहतात. त्यांच्या दाराची बेल रात्री दोन वाजता वाजवणारा अनोळखी इसम म्हणजे आमचे सेक्रेटरी.

या विषयात थोडा कायदाही बघण्यासारखा आहे, कारण कायद्यानेही इथे विनोदबुद्धी दाखवलीय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. मुदत कितीही असो. तरी अकरा महिन्यांचा करार करायची आपली खोड गेलेली नाही, जणू बाराव्या महिन्यात भाडेकरू मालक होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. हे वाक्य कमिटीच्या बैठकीत म्हणून बघा. पंखा बंद होतो.

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून बिनवापराचा आकार घेते. आपण त्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो. फ्लॅटचा वापर तर जोरात चाललेला असतो, पण असो. एके काळी हा आकार कमिटीच्या मर्जीने वर चढायचा. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढून त्याला लगाम घातला: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचा नाही. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीला ते पटलं नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये न्यायालयाने सरकारचा आदेशच कायम ठेवला. या निकालाच्या शीर्षकात सोसायटीचं नाव आहे माँ ब्लाँ.

माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, ४,८०० मीटरच्या वर. त्याच्या पायथ्याशी फ्रान्समधलं शामोनी गाव. १९२४ ची पहिली हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा तिथे झाली, आणि पाहुण्यांना बर्फाच्या मोसमात घरं भाड्याने देणं हा त्या गावाचा जुना धंदा. मुंबईकराने इमारतीला नाव दिलं भाडेकरूंच्या डोंगराचं आणि कोर्टात भांडला भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या वसुलीसाठी. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर संपादकाने 'फार झालं' म्हणून खोडलं असतं.

परत वशिष्ठला येऊ. मनालीपासून तीनेक किलोमीटर, ब्यास नदीच्या पलीकडच्या काठावर. आपली मंडळी तिथे पोहोचतात ती बोरिवलीला थांबणाऱ्या पश्चिम एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत आणि पुढे गाडीने, किंवा विमानाने चंदीगड आणि मग रात्रभर घाट. दार उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "फोटोत हॉल मोठा दिसत होता." हे वाक्य उच्चारणारा माणूस कांदिवलीत सातशे चौरस फुटांच्या कार्पेटला अकराशेचे पैसे भरून आलेला असतो. तिथे ब्र काढलेला नसतो.

मग बॅगा उघडतात. थेपले, खाखरे, चिवडा, मेतकूट, पोह्याचे पापड, गोडा मसाला, दोन किलो तांदूळ. हिमालयात तांदूळ मिळत नाही अशी आपली पक्की समजूत आहे. अर्ध्या तासात त्या फ्लॅटचं मुलुंड होतं: खिडकीत दोरी, दोरीवर टॉवेल, ओट्यावर डबे, दारात चपलांचा ढीग, टीव्हीवर मराठी मालिका सापडते का याचा शोध. खिडकीतून बर्फाची शिखरं दिसत असतात. काच लावून घेतात, गार वारा येतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सोलंग. वाटेवर भाड्याने कपडे देणारी दुकानं ओळीने लागतात, प्रत्येकावर मोठ्या आकड्यात नंबर, आणि आपल्या ड्रायव्हरचा एक नंबर ठरलेला. का ठरलेला, हे विचारायचं नाही. तिथे भडक रंगाचा एकसंध झगा आणि गमबूट चढवून सगळं कुटुंब सारखंच दिसायला लागतं; कोण काका आणि कोण मेव्हणा हे चालण्यावरून ओळखायचं. मग स्कीइंग. म्हणजे एक स्थानिक तरुण तुमच्या पायाला दोन लांब पट्ट्या बांधतो, हातात काठ्या देतो, धरून उभं करतो, आणि घरचे फोटो काढतात. पुढे उतारावर जे होतं ते फोटोत घेत नाहीत. डिसेंबरात सोलंगला पुरेसा बर्फ असेलच याचीही खात्री नसते. भरवशाचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीचा. बर्फ नसेल तर ड्रायव्हरला झापतात.

पट्ट्या बांधणाऱ्या त्या पोराकडे आपण दहा मिनिटांचा नोकर म्हणून बघतो. पण बर्फावर ही माणसं काय आहेत ते ऐका. शिव केशवन याच वशिष्ठ गावचा. वडील केरळचे, आई इटलीची. दोघांनी या गावात इटालियन खाणावळ चालवली. पोरगा ल्यूज नावाच्या घसरगाडीच्या खेळात शिरला आणि १९९८ च्या नागानोपासून २०१८ च्या प्योंगचांगपर्यंत सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरला. पहिल्या वेळी वय सोळा. मनालीजवळच्याच बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. आपल्याकडच्या कुणी विचारलं नाही, तर तेही सांगत नाहीत. ते भाडं सांगतात.

सोलंगला बर्फ कमी पडला की मोर्चा वळतो बोगद्याकडे. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा उघडला, लांबी नऊ किलोमीटर, आणि तोवर हिवाळ्यात जगापासून तुटणारं लाहौल खोरं मुंबईकराच्या आवाक्यात आलं. बिचारं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान ताज्या बर्फात गाड्यांची अशी रांग अडकली की पोलिसांना रात्रभर माणसं बाहेर काढावी लागली. बोगद्यापलीकडच्या सिस्सूत तर जानेवारी-फेब्रुवारीतल्या देवाच्या सणांपुरता पंचायतीने पर्यटकांना गाव बंद ठेवल्याचंही झालंय. आमचे सेक्रेटरी यावर खवळले. "असं कसं बंद करता येतं? आम्ही काय परके आहोत?" प्रश्न चांगला आहे. आमच्या बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या चार मुलींनी गेल्या गणपतीत तोच विचारला होता. त्यांना उत्तर मिळालं, आरतीला या, पण वर्गणी दिली तरी कमिटीत बसता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी, अंगात ऊन शिरलं, पोटात राजमा-चावल गेला, की उपनगरी माणसाच्या मनात तो एक प्रश्न उगवतोच. "इथे वन बीएचके केवढ्याला पडतो?" डोंगर आवडला की तो विकत घ्यावासा वाटणं हा आपला स्वभाव आहे. मग स्थानिक माणूस शांतपणे सांगतो की हिमाचलात १९७२ च्या जमीन कायद्याचं कलम ११८ आहे. बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. झालं. लगेच देशाची एकात्मता, नागरिकांचे हक्क आणि घटना हे तिन्ही विषय रस्त्यावर येतात. आपल्याही राज्यात कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, हे कर्जतला फार्महाऊससाठी फिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते तिथे आठवत नाही. 'बाहेरचे लोक येऊन भाव वाढवतात' हे वाक्य मुलुंड स्टेशनवर जो रोज म्हणतो, तो वशिष्ठमध्ये स्वतःला बाहेरचा मानायला तयार नसतो.

पूर्वी माणसं डोंगरावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जायची. पाचगणीला बेल-एअर, देवळालीला सॅनेटोरियमच्या चाळी; खोली, चूल, महिनाभराचं भाडं आणि संध्याकाळी शाल गुंडाळून फेरी. घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक गुजराती घरांत देवळालीचं बुकिंग अजून समाजाच्या पेढीतून होतं, आणि ते लोक तिथे खरोखर विश्रांती घेतात. ऑस्ट्रियात बाडगास्टाइन नावाचं असंच गरम झऱ्यांचं आणि बर्फाचं गाव आहे. डिसेंबर १९३७ मध्ये सुभाषचंद्र बोस प्रकृतीसाठी तिथे राहिले आणि दहा दिवसांत आत्मचरित्राची दहा प्रकरणं लिहून मोकळे झाले. आमचा माणूसही लिहितो. 'गीझरला प्रेशर नाही, दोन तारे.'

इतक्या लांब ज्यांना परवडत नाही ते लोणावळ्याचा बंगला धरतात. तुंगार्लीच्या गल्ल्यांतून मंगळवारी फिरून बघा: कुलूप, कुलूप, कुलूप, मग एक केअरटेकर, मग कुलूप. शनिवारी त्याच गल्लीत पाच बंगल्यांतून पाच गाणी. गावात कायमच्या राहणाऱ्याला आठवड्यातले पाच दिवस शेजार नाही आणि दोन दिवस झोप नाही. टोकन म्हणून यूपीआयने पैसे पाठवून, चिक्की घेत पोहोचल्यावर त्या पत्त्यावर बंगलाच नाही, असे प्रकारही होत असतात. फोटो मात्र खरा असतो, फक्त दुसऱ्या गावचा.

हा ताप एकट्या लोणावळ्याचा नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरी गावांत असेच बंद फ्लॅट साचत गेले, तेव्हा मार्च २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीपुरती घरं एकूण घरांच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या पर्यटक-फ्लॅटचे सगळे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवायचे. संख्या दहा हजारांच्या पुढे. तिकडे निदान नियम सगळ्यांना सारखा. आपण नियम आपल्या गेटपाशी सुरू करतो आणि एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर संपवतो.

गरम पाणीच हवं असेल तर बोरिवलीहून वज्रेश्वरी जवळ आहे. तानसा नदीकाठची अकलोली-गणेशपुरीची कुंडं, तोच गंधकाचा वास, वर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेलं देऊळ. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. पण तिथे कुणी फ्लॅट मागत नाही, कारण 'वज्रेश्वरीला जाऊन आलो' असं ऑफिसात सांगितलं की समोरचा विचारतो, "काही त्वचेचा त्रास?" आणि बर्फच हवा असेल तर कुर्ल्याच्या मॉलमध्ये तिकीट काढून मिळतो, कोट-बूट भाड्यासकट. सोलंगपेक्षा तिथला बर्फ कमी बेभरवशाचा.

हे वाचून कुणी सहल रद्द करू नये. जरूर जा, फ्लॅटच घ्या, कुकरचे लिटर विचारा. कुंडात एकदा तरी उतरा, पट्ट्या बांधणाऱ्या पोराचं नाव विचारा, आणि रात्री दहानंतर गच्चीवरून खाली या. बाकीचं काम परत आल्यावर आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच लागते, आणि विषयपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' असतात. त्यात हा ठराव मांडायचा आहे: ज्या सभासदाने गेल्या वर्षभरात दुसऱ्याच्या इमारतीत रोजच्या भाड्याने फ्लॅट घेतला असेल, त्याने आपल्या इमारतीतल्या भाडेकरूंच्या विषयावर मत देऊ नये. सूचक म्हणून माझं नाव खुशाल घाला. अनुमोदक तुमच्या सोसायटीत तुम्हीच शोधा.